मरीनाची वाळू आणि एन्नोरचा किनारा

पुणे, सांगली किंवा कराड येथील अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत ज्याने कधी सिमेंटचा कस पाहिला असेल, एक भाग सिमेंटात तीन भाग वाळू कालवून ७०.६ मिलिमीटर बाजूचे लहान घन ओतले असतील, ते पाण्यात मुरवून ठराविक दिवसांनी यंत्राच्या दाबाखाली फोडले असतील, त्याला एन्नोर हे नाव परके नाही. भारतीय मानकांनी या परीक्षेसाठी जी प्रमाण-वाळू नेमून दिली आहे, ती तामिळनाडूतील एन्नोरची. देशात कोठेही धरण, पूल अथवा इमारत उभी राहावयाची असली की तिच्या सिमेंटची पारख या एका किनाऱ्याच्या वाळूशी कालवून व्हावी, असा आपल्या शास्त्राचा दंडक आहे. तथापि ती वाळू तोलून घेणाऱ्या शेकडो विद्यार्थ्यांपैकी किती जणांनी तो किनारा पाहिला असेल, याचा अंदाज बांधण्यास फारशा गणिताची गरज नाही.

मराठी प्रवासी दक्षिणेस जात नाही असे नाही. तो मोठ्या संख्येने जातो, आणि अलीकडे तर अधिकच जातो. २०२५ च्या जुलै महिन्यात मराठ्यांच्या बारा किल्ल्यांची जागतिक वारसास्थळांत गणना झाली, आणि त्यांत तामिळनाडूतील एकमेव किल्ला म्हणून जिंजीचे नाव आले, तेव्हापासून महाराष्ट्रातील सहलीच्या कार्यक्रमपत्रिकांत जिंजी अग्रभागी दिसू लागली आहे. १६७७ मध्ये शिवछत्रपतींनी जो दुर्ग जिंकला आणि पुढे मोगली वेढ्यात राजाराम महाराजांनी वर्षानुवर्षे जेथून राज्य राखले, त्याचे दर्शन मराठी माणसाने घ्यावे हे सर्वथा योग्यच आहे. जिंजी, मग तंजावर, तेथील सरस्वती महाल ग्रंथालय, जाता-येता चेन्नईत मुक्काम, मुक्कामात कालिकांबाळच्या देवळात शिवाजी महाराज येऊन गेल्याची आख्यायिका, आणि संध्याकाळी मरीनाच्या विस्तीर्ण वाळवंटात वारा खात भाजलेले कणीस, असा हा क्रम ठरून गेला आहे. माझे म्हणणे एवढेच की या क्रमात अर्धा दिवस एन्नोरसाठी राखून ठेवावा. आणि तो केवळ आणखी एक स्थळ पदरात पाडून घेण्यासाठी नव्हे, तर ज्या मरीनावर आपण आदल्या संध्याकाळी हिंडलो त्याचा उरलेला अर्धा भाग पाहण्यासाठी.

जाणे अवघड नाही. चेन्नई सेंट्रलच्या शेजारून गुम्मिडिपूंडीच्या बाजूला जाणारी लोकलगाडी धरली की बेसिन ब्रिज, तोंडियारपेट, तिरुवोट्रियूर, विमको नगर, कत्तिवाक्कम आणि एन्नोर अशी स्थानके लागतात. यातील विमको नगर ज्या काड्यापेटीच्या कारखान्यावरून वसले, त्याच कंपनीचा कारखाना आपल्या अंबरनाथलाही होता, हे ठाणे जिल्ह्यातील जुन्या कामगारांना सांगावे लागणार नाही. वाटेत तिरुवोट्रियूरला उतरावे. नायन्मारांनी गायिलेल्या शिवक्षेत्रांपैकी हे एक; सुंदरर आणि संगिलियार यांचा विवाह येथला, विरक्त पट्टिनत्तार यांची समाधी येथेच समुद्राकाठी, आणि त्यागराजस्वामींनी ज्या त्रिपुरसुंदरीवर कृती रचल्या ती देवीही येथलीच. देवळाच्या प्रशस्त प्राकारात घटकाभर बसून पुढची गाडी पकडली, तर एन्नोरला पोहोचताना मनात या प्रदेशाच्या प्राचीनतेविषयी एक आदर निर्माण झालेला असतो. आणि पुढे जे दिसणार आहे ते पाहण्यासाठी त्या आदराची गरज पडते.

एन्नोर हे संगमाचे गाव आहे. आंध्र आणि तामिळनाडू यांच्या सीमेवरील डोंगराळ मुलखातून येणारी कोसस्थलैयार नदी सुमारे १३६ किलोमीटर वाहून, वाटेत १९४४ मध्ये बांधलेल्या पूंडीच्या जलाशयात मद्रास शहराची तहान भागवून, येथे बंगालच्या उपसागरास मिळते. मुखाशी तिची खाडी पसरते, उत्तरेकडे पुलिकत सरोवराकडून येणारे खारे पाणी तिला भेटते, आणि या दोहोंना छेदून बकिंगहॅम कालवा किनाऱ्यास समांतर जातो. त्या कालव्याचा सर्वांत जुना भाग म्हणजेच मद्रास ते एन्नोर हा टप्पा; बेसिल कॉक्रेन नावाच्या व्यापाऱ्याने एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात तो खणविला, आणि सरपण, धान्य, मीठ अशा मालाच्या नावा त्यातून शहरात येऊ लागल्या. पुढे १८७६ ते १८७८ च्या भीषण दुष्काळात कूवम आणि अड्यार या नद्यांमधला दुवा मदतकार्यावरील मजुरांकडून खोदवून घेण्यात आला, आणि तत्कालीन गव्हर्नराच्या किताबावरून संपूर्ण कालव्यास आजचे नाव मिळाले.

या दुष्काळाचा धागा मराठी वाचकाने सोडू नये. मद्रास इलाख्यातील मदतकार्यावरच्या मजुरांचा रोज कमी करून पुरुषास दिवसाकाठी एक पौंड धान्य आणि वर एक आणा एवढ्यावर आणण्याची शिफारस ज्या सर रिचर्ड टेंपल यांनी केली, तेच १८७७ मध्ये मुंबईचे गव्हर्नर झाले. आणि पुणे, सोलापूर, नगर या जिल्ह्यांतील खडी फोडणाऱ्या रयतेवरही तीच काटकसर लादली गेली. सार्वजनिक सभेने गणेश वासुदेव जोशी यांच्या पुढाकाराने सरकारदरबारी जी निवेदने धाडली, ती याच हालअपेष्टांची. म्हणजे मद्रासचा तो कालवा आणि दख्खनच्या पठारावरील कित्येक रस्ते, बंधारे व तलाव ही एकाच उपासमारीची बांधकामे आहेत. पराक्रमाच्या स्मारकांशी नाते सांगणे सोपे असते. सोसण्याच्या स्मारकांशी असलेले नाते मात्र दप्तरांत पडून राहते, आणि ते बाहेर काढावे लागते.

येथून उत्तरेस पुलिकतला जाणाऱ्यास डच ईस्ट इंडिया कंपनीच्या गेल्ड्रिया किल्ल्याचे अवशेष आणि सांगाड्यांच्या आकृती कोरलेले दगडी दफनस्थान पाहावयास मिळते; सतराव्या शतकात कोरोमंडल किनाऱ्यावरील डचांचा सारा कारभार तेथून चाले, आणि तलम कापडाबरोबरच माणसांच्या खरेदीविक्रीचे हिशेबही तेथेच लिहिले जात. परंतु इतिहास म्हणजे जुन्या दगडांचा संग्रह असे मानणाऱ्याला एन्नोर निराश करील. येथे किल्ला नाही, राजवाडा नाही, तिकिटाची खिडकी नाही. येथे जे ऐतिहासिक आहे ते अद्याप जिवंत आहे: काट्टुकुप्पम, मुगत्तुवारकुप्पम, नेट्टुकुप्पम अशा वाड्यांतून राहणारी कोळ्यांची वस्ती, खाडीच्या भरती-ओहोटीचे त्यांचे ज्ञान, आणि पाण्याची वाटणी करण्याची त्यांची पद्धत. पुलिकतपर्यंतच्या या खाऱ्या पाण्यात ‘पाडू’ नावाची एक वहिवाट चालत आली आहे. कोळंबीची जाळी लावण्याच्या मोक्याच्या जागा कोणा एकाच्या मालकीच्या नसतात. ज्यांचा हक्क आहे त्यांच्यात चिठ्ठ्या टाकून किंवा पाळी लावून त्या वाटून दिल्या जातात, म्हणजे आज ज्याच्या वाट्यास उत्तम जागा आली त्याच्याकडे उद्या साधारण जागा येते. ज्या व्यवस्थेत निसर्गाचा लहरीपणा सर्वांनी मिळून सोसावयाचा असतो, तिला कोणत्याही स्थापत्याहून कमी प्रतीचे मानण्याचे कारण मला दिसत नाही. याच उथळ पाण्यात इरुळर समाजाच्या स्त्रिया गुडघाभर, कमरेभर चिखलात बसून हाताने कोळंबी वेचतात आणि दातांत धरलेल्या ताडाच्या पानांच्या टोपलीत टाकतात. त्यांना ना नाव लागते, ना जाळे.

आता त्या पाण्याभोवती काय उभे आहे ते पाहावे. १९४८ मध्ये येथे अशोक मोटर्सचा कारखाना निघाला. पुढे त्याचेच अशोक लेलँड झाले, आणि आपल्या एस. टी.च्या असंख्य गाड्यांचा सांगाडा ज्या नावाने ओळखला जातो ते नाव त्यामुळे महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत पोहोचले. १९७० साली एन्नोरचे औष्णिक वीजकेंद्र सुरू झाले व २०१७ मध्ये ते बंद पडले. १९९४ पासून खाडीच्या उत्तर बाजूस उत्तर चेन्नई वीजकेंद्र चालू आहे. त्यानंतर वल्लूरचे १५०० मेगावॅटचे केंद्र आले. वीजकेंद्रांना कोळसा पुरविण्यासाठी २००१ मध्येच एन्नोर बंदर उघडले गेले होते. कंपनी म्हणून स्थापन झालेले ते केंद्र सरकारचे पहिले मोठे बंदर होय, आणि आज ते कामराजर बंदर या नावाने ओळखले जाते. त्याच्या शेजारी कात्तुपळ्ळी बंदर झाले, समुद्राचे पाणी गोडे करणारा प्रकल्प झाला, दक्षिणेला मनलीचा तेलशुद्धीकरण कारखाना आणि खतांचे कारखाने आधीपासून होतेच. कोळसा जाळल्यावर उरणारी राख पाण्यात मिसळून लांबलचक नळांतून सेप्पाक्कमच्या राखतळ्याकडे नेली जाते. त्या नळांना गळती लागते, आणि राख खाडीच्या तळाशी साचत जाते. जेथे पूर्वी माणूस पाण्यात बुडत असे तेथे आता तो चालत जाऊ शकतो. खाडी उथळ झाली की मासा येत नाही हा कोळ्याचा तोटा. पण पुराचे पाणी समुद्रात जावयास वाट उरत नाही, हा साऱ्या शहराचा तोटा, आणि तो शहराला पाणी घरात शिरल्यावरच उमगतो.

येथवरचे कथन उद्योग आणि पर्यावरण यांच्या नेहमीच्या तंट्यासारखे वाटेल. म्हणून ज्या गोष्टीसाठी मी मराठी प्रवाशाला येथवर आणू पाहतो, ती आता सांगतो. कोरोमंडल किनाऱ्यालगत वाळूचा एक अखंड प्रवास चाललेला असतो. नैर्ऋत्येच्या वाऱ्यांच्या दिवसांत लाटा किनाऱ्याची वाळू उत्तरेकडे ढकलतात, ईशान्येच्या मोसमात थोडी परत दक्षिणेकडे नेतात, आणि वर्षाचा हिशेब केला असता वाळूची बेरीज उत्तरेकडे निघते. १८७६ मध्ये मद्रासच्या उघड्या किनाऱ्यावर समुद्रात भिंती घालून कृत्रिम बंदर बांधण्यास प्रारंभ झाला. १८८१ च्या वादळाने ते काम उद्ध्वस्त केले, तरी ते पुन्हा उभे करण्यात आले. या भिंतींनी वाळूची वाट अडविली. अडलेली वाळू दक्षिणेस साचत गेली, आणि जेथे पूर्वी लाटा रस्त्याच्या जवळ येऊन आदळत तेथे शेकडो मीटर रुंदीचा मरीनाचा सैकत तयार झाला. उत्तरेकडील किनाऱ्याला मात्र त्याची नेहमीची आवक मिळेनाशी झाली. समुद्राने वाळू नेणे थांबविले नाही; फक्त आणून देणे थांबविले. परिणामी रायपुरम, तिरुवोट्रियूर, एन्नोर या बाजूस वाड्या, देवळे, रस्ते यांची धूप होत गेली, आणि आज त्या साऱ्या किनाऱ्याला काळ्या पाषाणांचे बांध घालून समुद्र थोपवून धरावा लागतो.

याचा अर्थ असा की मरीना हे निसर्गदत्त सौंदर्यस्थळ आणि एन्नोरच्या बाजूचा किनारा हे दुर्दैवी स्थळ, अशा दोन स्वतंत्र नोंदी करता येत नाहीत. ती एकाच व्यवहाराची जमा आणि खर्चाची बाजू आहे. जमेच्या बाजूस पुतळे, फुलझाडे, दीपमाळा आणि संध्याकाळची गर्दी; खर्चाच्या बाजूस दगडांचे ढीग आणि जाळी वाळत घालण्यास जागा न उरलेले कोळी. हौशी प्रवाशाला आजवर फक्त जमेचे पान दाखविण्यात आले. माझ्या मते कोणत्याही नगराचे दर्शन त्याच्या खर्चाचे पान वाचल्यावाचून पुरे होत नाही.

हा खर्च केवळ जुना नाही, दरवर्षी वाढता आहे. २०१७ च्या जानेवारी अखेरीस कामराजर बंदराबाहेर दोन जहाजांची टक्कर होऊन तेल समुद्रात पसरले, आणि ते दाट काळे तेल कोळ्यांनी, तटरक्षकांनी व स्वयंसेवकांनी बादल्यांनी उपसून काढले, हे दृश्य साऱ्या देशाने पाहिले. २०२३ च्या डिसेंबरात मिचाँग वादळाच्या पुराबरोबर मनलीकडील तेल खाडीत उतरले, नावा आणि जाळी माखून निकामी झाली. आणि तोच महिना संपण्यापूर्वी एका रात्री खतकारखान्याच्या समुद्रातील नळातून अमोनिया सुटून पेरियाकुप्पमच्या माणसांना अंथरुणातून उठून पळावे लागले. याच खाडीकाठी चित्रित झालेले गायक टी. एम. कृष्ण यांचे ‘चेन्नई पोरंबोक्कु पाडल’ हे २०१७ मधील गीत कर्नाटक संगीताच्या सभागृहाबाहेरही पोहोचले. गायरान, मिठागर, पाणथळ अशा सरकारी दप्तरात कोणाच्याच नावावर नसलेल्या जमिनी सर्वांच्या असतात की कोणाच्याच नसतात, हा त्या गीताचा विषय. आणि हा प्रश्न महाराष्ट्रातील प्रत्येक तलाठ्याच्या सज्जात आज उभा आहे.

येथे दोन आक्षेप संभवतात, आणि दोन्ही विचारार्ह आहेत. पहिला असा की वीज, बंदर आणि खत यांवाचून कोणाचेही चालत नाही, चेन्नईचे नाही आणि मुंबईचेही नाही. एन्नोरमधील कित्येक घरांची चूल याच कारखान्यांच्या पगारावर पेटते. हे खरे आहे, आणि कारखाने उखडून टाकावेत असे कोणी शहाणा माणूस म्हणणार नाही. पण एकाच खाडीकाठी कोळसा, राख, तेल, अमोनिया आणि दोन बंदरे आणून बसविण्याचा निर्णय अपरिहार्य नव्हता. प्रत्येक नव्या प्रकल्पास मंजुरी देताना ही जागा आधीच औद्योगिक आहे हेच कारण पुढे करण्यात आले, म्हणजे पहिली इजाच दुसऱ्या इजेची सनद ठरली. शहराच्या दक्षिणेकडील सधन वस्तीच्या किनाऱ्यावर असे का झाले नाही, याचे उत्तर भूगोलात नाही.

दुसरा आक्षेप अधिक नाजूक आहे. लोकांच्या दैन्याचे प्रदर्शन पाहण्यास जावे काय? दैन्य पाहण्यास म्हणून मुळीच जाऊ नये. कॅमेरा पुढे करून जाळे ओढणाऱ्याला हसावयास सांगणारा पाहुणा कोणत्याच कोळीवाड्यात नको असतो. परंतु एन्नोर हे दैन्याचे ठिकाण आहे ही समजूतच मुळात चुकीची आहे. पहाटे पुलावर उभे राहिले तर खाडीत नावा अजूनही दिसतात. बोय, कोळंबी आणि खेकडे घेऊन बसलेल्या मासळीवाल्या अजूनही भावावर हुज्जत घालतात. तिवरांच्या रांगा जेथे उरल्या आहेत तेथे बगळे उतरतात. जो प्रवासी तेथील मासळी तेथेच विकत घेईल, स्थानिक नावाड्याला योग्य भाडे देऊन त्याच्या तोंडून खाडीची माहिती ऐकेल, आणि दुभाष्या सोबत असल्यास प्रश्न कमी विचारून उत्तरे अधिक ऐकेल, त्याची भेट तेथे कोणास जाचक होणार नाही.

आणि या भेटीची गरज मराठी माणसाला इतरांहून अधिक आहे, कारण आपल्या किनाऱ्यावर हेच पुस्तक आता उघडले जात आहे. १९८९ मध्ये न्हावा-शेवा येथे बंदर सुरू झाले, तेव्हा उठविलेल्या शेवा कोळीवाड्याच्या पुनर्वसनाचा तंटा उरणच्या हनुमान कोळीवाड्यात दशकानुदशके चालत राहिला. डहाणू तालुक्यास १९९१ मध्ये पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून संरक्षण मिळाले, आणि न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखालील प्राधिकरणाने १९९८ मध्ये वाढवण बंदरास नकार दिला. तथापि २०२३ मध्ये त्याच प्राधिकरणाने संमती दिली, २०२४ च्या जूनमध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने सुमारे ७६ हजार कोटी रुपयांच्या त्या बंदरास मंजुरी दिली, आणि ऑगस्टमध्ये पायाभरणीही झाली. वाढवणचा वाद आपल्याकडे राष्ट्राची प्रगती आणि कोळ्यांचा हट्ट अशा ढोबळ शब्दांत मांडला जातो. समुद्रात घातलेली भिंत वाळूला कोठे नेते, आणि एका प्रकल्पाच्या पाठोपाठ दुसरा कसा येतो, हे ज्याने मद्रासच्या किनाऱ्यावर चालत पाहिले असेल त्याला हा वाद इतक्या ढोबळ शब्दांत मांडता येणार नाही. तो बंदराच्या बाजूने बोलला तरी जबाबदारीने बोलेल, आणि विरोधात बोलला तरी माहितीने बोलेल.

तेव्हा सूचना साध्या आहेत. तामिळनाडूच्या पर्यटन खात्याने मरीनावर एक फलक लावून ही वाळू कोठून अडली आणि कोणाच्या वाट्याची होती हे लिहावे. एन्नोरच्या खाडीतील राख उपसण्याचे काम पुराच्या भीतीने नव्हे तर कर्तव्य म्हणून सत्वर पुरे करावे, आणि उरलेली पाणथळ जमीन नव्या बांधकामाच्या नकाशातून वगळावी. आपल्याकडील सहल-संस्थांनी जिंजी-तंजावरच्या पत्रिकेत तिरुवोट्रियूर, एन्नोर आणि पुलिकत हा एक दिवस घालावा. अभियांत्रिकीच्या महाविद्यालयांनी तर आपल्या विद्यार्थ्यांना तेथे न्यावेच, कारण उद्या बंदरांच्या भिंतींचे आराखडे तेच काढणार आहेत. आणि वाढवणच्या बाबतीत शासनाने किनाऱ्याच्या धुपीचा, मासेमारीच्या क्षेत्राचा आणि भरपाईचा वार्षिक हिशेब गावोगाव मराठीतून जाहीर करण्याचे बंधन आजच स्वतःवर घालून घ्यावे. जो हिशेब पहिल्या वर्षापासून लिहिला जात नाही, तो पन्नास वर्षांनी मागणाऱ्याच्या हाती पुराव्याचा एक कागदही लागत नाही. एन्नोरच्या कोळ्यांना आज नेमकी हीच अडचण पडली आहे, आणि डहाणूच्या कोळ्यांना ती पडू न देणे अद्याप आपल्या हाती आहे.